टाळूतली किल्ली

दोस्तांनो, हे वाचता वाचता एक प्रयोग करा. साहित्य काहीच लागत नाही, फक्त स्वतःची जीभ! ती वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि टाळूवरून हळूहळू मागे न्या. आधी नांगरलेल्या शेतासारख्या आडव्या वळ्या लागतील, मग गुळगुळीत घुमट लागेल आणि त्या घुमटाच्या बरोबर मधून गेलेली एक उभी रेघही जिभेला कळेल. कुणाला ती ठळक लागते, कुणाला अगदी पुसट.

या रेघेच्या वर, कातडीच्या आड, एक शिवण आहे. होय, शिवणच! आपला वरचा जबडा म्हणजे एक सलग हाड नव्हे. डावं आणि उजवं अशी दोन हाडं टाळूच्या मध्यावर एकमेकांना भिडलेली असतात आणि त्यांच्यामध्ये चिवट तंतूंचा पातळ थर असतो. खालच्या जबड्याचेही जन्मताना असेच दोन भाग असतात, पण ते पहिल्या वर्षभरातच सांधून एक होऊन जातात. वरची शिवण मात्र शाळेची बरीचशी वर्षं जिवंत राहते.

आणि ती जिवंत आहे तोवरच एक करामत करता येते. टाळूत एक छोटासा स्क्रू बसवायचा, रोज किल्लीने पाव फेरी फिरवायचा आणि दोन-तीन आठवड्यांत वरचा जबडा चक्क रुंद करायचा! या उपकरणाला 'एक्स्पांडर' म्हणतात. तुमच्या वर्गात एखादी मुलगी अचानक 'स' म्हणताना अडखळू लागली आणि विचारल्यावर तिने तोंड उघडून आतला पोलादी कोळी दाखवला, तर तो हाच. पण एक्स्पांडर एकाच प्रकारचा नसतो. त्याच्या पाच-सहा तऱ्हा आहेत. कुठली तऱ्हा कुणाला, हा प्रश्न नागपूर-मुंबईच्या मुलापेक्षा भंडारा जिल्ह्यातल्या मुलाला जरा वेगळा पडतो. का, ते पुढे येईलच.

झाकण लहान पडलं तर?

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, तेव्हा उदाहरण पितळी डब्याचंच घेऊ. झाकणाचा घेर डब्यापेक्षा जरासा मोठा असतो, म्हणून ते बाहेरून नीट बसतं. आपले दातही तसेच. वरच्या दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा किंचित रुंद असते आणि तोंड मिटलं की वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या बाहेर येते. आता झाकणच लहान पडलं तर? ते डब्याच्या आत जाईल. वरचा जबडा अरुंद राहिला की अगदी असंच होतं. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. याला डॉक्टर 'क्रॉसबाइट' म्हणतात, आपण उलटा चावा म्हणू.

पुष्कळदा हा उलटा चावा एकाच बाजूला दिसतो. त्याचं कारण मजेशीर आहे. दोन्हीकडून थोडं थोडं कमी पडलेलं झाकण धड आतही बसत नाही, धड बाहेरही नाही. मग मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावायला लागतं. तेवढ्यापुरतं काम भागतं. पण वाढीच्या वयात वर्षानुवर्षं असं चाललं, तर हनुवटी मधल्या रेषेवरून सरकलेली दिसू लागते. शिवाय कमान अरुंद म्हणजे दातांना जागा कमी. सगळ्यात जास्त पंचाईत होते ती सुळ्यांची. ते उशिरा येतात, तोवर सगळ्या जागा भरलेल्या. मग ते हिरडीत उंचावरूनच डोकावतात.

जबडा अरुंद राहतो तरी कशाने? काही घरांत ती ठेवणच असते. काही वेळा अंगठा चोखण्याची सवय कारणीभूत असते. वरच्या दातांना बाहेरून गाल दाबतात आणि आतून जीभ तोलून धरते, अशी ही रस्सीखेच आहे. तोंडात अंगठा असला की जीभ खाली जाते, आतला गडी मैदान सोडतो आणि गाल जिंकतात! नाक चोंदल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचीही जीभ अशीच खाली राहते. अशा मुलाचं नाक आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहायला हवं. वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी तशाच ठेवून नुसता जबडा रुंद करत बसण्यात शहाणपणा नाही.

साडेचौदा वर्षांची मुलगी आणि एक किल्ली

ही कल्पना कालपरवाची असेल असं वाटतं ना? मुळीच नाही. १८६० साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजल नावाच्या दंतवैद्याने 'डेंटल कॉसमॉस' या मासिकात एका साडेचौदा वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. तिच्या सुळ्याला जागा नव्हती. एंजलने तिच्या वरच्या दातांमध्ये, टाळूला आडवा, एक स्क्रू बसवला आणि किल्ली तिच्याच हातात देऊन घरी पाठवलं. दोन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा जबडा सुमारे पाव इंचाने रुंद झाला होता आणि पुढच्या दोन दातांमध्ये भली मोठी फट पडली होती. एंजल म्हणाला, फट पडली म्हणजे हाडाची शिवण उघडली!

लोकांचा विश्वास बसला नाही. जबड्याचं हाड असं कधी उघडतं का, अशी शंका त्याच मासिकात घेतली गेली. बिचाऱ्या एंजलजवळ दाखवायला काय होतं? क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. टाळूच्या आत काय घडलं याचा फोटो तो काढणार कसा! पुढे ही पद्धत अमेरिकेत जवळजवळ अडगळीत पडली. मग अँड्र्यू हास या डॉक्टरांनी ती आधी डुकरांवर आणि मग मुलांवर करून पाहिली, क्ष-किरणांचे फोटो काढले आणि १९६१ साली सगळं प्रसिद्ध केलं. शिवण खरोखरच उघडत होती. एंजल बरोबर होता, फक्त शंभर वर्षं लवकर जन्मला होता!

पाव फेरीचं गणित

विजेच्या खांबाला ताण दिलेली तार पाहिली आहे का? पुष्कळ ठिकाणी तिच्या खालच्या टोकाला ती घट्ट करायचा एक लांबट स्क्रू असतो. त्याच्या एका बाजूचे आटे उजवे, तर दुसऱ्या बाजूचे डावे असतात. मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकाच वेळी जवळ येतात किंवा लांब जातात. एक्स्पांडरचा स्क्रू हीच युक्ती वापरतो, फक्त तो नखाएवढा असतो.

त्याच्या मधल्या गोल भागाला चार भोकं असतात. त्यांतल्या एकात तारेची किल्ली घालायची आणि पुढून मागे, घशाच्या दिशेने, ढकलायची. पुढचं भोक दिसू लागलं की झाली पाव फेरी. बहुतेक स्क्रूंमध्ये एका पाव फेरीत पाव मिलिमीटर अंतर वाढतं, काहींत ०.२ मिलिमीटर. आता हिशेब करा: ७ मिलिमीटर रुंदी हवी असेल तर २८ वेळा किल्ली. रोज सकाळ-संध्याकाळ एकेकदा फिरवली तर १४ दिवस. संपलं!

पण या इवल्याशा स्क्रूत जोर किती असतो, ठाऊक आहे? १९६० च्या दशकात अमेरिकेत तो मोजला गेला. एकदा किल्ली फिरवली की साधारण दीड ते साडेचार किलो वजनाइतका दाब येतो. म्हणून फिरवल्यावर दाढांत, टाळूत, क्वचित नाकाच्या बुंध्याशी ताण जाणवतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. फार दुखत नाही, पण मुळीच जाणवत नाही असं सांगणंही खोटं ठरेल.

दहा-बारा दिवसांत पुढच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट दिसायला लागते. आरशात पाहून घाबरायचं नाही बरं का! हाडाची शिवण उघडल्याची ती पावतीच आहे. हिरडीतले ताणलेले तंतू त्या दोन दातांना पुन्हा जवळ ओढतात आणि फट काही महिन्यांत आपली आपणच मिटत जाते. तोवर वर्गात कुणी चिडवलं, तर १८६० ची गोष्ट ऐकवायची.

पोलादी, गुलाबी आणि टोपीवाला

आता या सगळ्या भावंडांची ओळख करून घेऊ.

हास यांचा एक्स्पांडर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वरच्या दाढांवर आणि उपदाढांवर पोलादी कड्या, मध्ये स्क्रू आणि स्क्रूच्या दोन्ही बाजूंना टाळूला टेकलेले, कवळीसारख्या गुलाबी प्लॅस्टिकचे दोन तुकडे. हास यांचं म्हणणं असं, की जोर एकट्या दातांवर न येता टाळूवरही पसरला पाहिजे. विचार बरोबर, पण गुलाबी तुकडे आणि टाळू यांच्या फटीत अन्न शिरलं की ते निघता निघत नाही आणि खालची कातडी लाल होते. म्हणून १९६८ साली विल्यम बीडरमन यांनी प्लॅस्टिक काढून टाकून नुसता धातूचा एक्स्पांडर केला. तोच 'हायरॅक्स'. या नावात 'हायजिनिक', म्हणजे स्वच्छ राहणारा, हा शब्द लपलेला आहे. टाळू उघडा राहतो, ब्रश आत जातो, चूळ भरली की बरंचसं निघून जातं. दोघांची तुलना पुष्कळ वेळा झाली आहे. हाड रुंद करण्याच्या कामात दोघे जवळपास सारखेच निघाले. मग मी तरी म्हणेन की तीन वेळा भात खाणाऱ्या मुलखात हायरॅक्सच बरा! शिताची किमया ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा टोपीवाला. यात कड्या नसतात. मागच्या दाढांवर प्लॅस्टिकचं टोपण चिकटवून टाकतात आणि त्याला स्क्रू जोडलेला असतो. दुधाच्या दाढा हलायला लागल्या असतील, कड्या घट्ट बसत नसतील, तेव्हा तो कामी येतो. ज्या मुलांचा चेहरा आधीच लांबट आहे आणि पुढचे दात नीट मिटत नाहीत, त्यांच्यासाठीही डॉक्टर त्याचा विचार करतात. पण टोपणाच्या कडेला घाण साचते आणि काढताना डॉक्टरांना बराच खटाटोप करावा लागतो.

हे तिन्ही झाले घाईवाले. आता सावकाश चालणाऱ्यांकडे वळू.

'क्वाड हेलिक्स' म्हणजे चार वेटोळी. जाड पोलादी तारेला चार ठिकाणी पीळ देऊन ती दोन दाढांच्या कड्यांना जोडतात. यात स्क्रू नाही, किल्ली नाही. डॉक्टर तार थोडी फाकवून बसवतात आणि ती आपल्या मूळ आकाराकडे जाताना दाढांना हळूहळू बाहेर रेटते. हिचं मूळही जुनं आहे. १८८१ साली लंडनच्या वैद्यकीय परिषदेत वॉल्टर कॉफिन यांनी पियानोच्या तारेची स्प्रिंग घातलेली प्लेट मांडली होती. तिच्याच वंशातली ही वेटोळी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट रिकेट्स यांनी रूढ केली. हिचा जोर किलोंत नाही, ग्रॅममध्ये मोजायचा. अंगठा चोखणाऱ्यांसाठी हिचा एक जोडफायदा आहे: अंगठा आत गेला की त्याला वेटोळी लागतात आणि सवयीची मजाच जाते!

१९९३ मध्ये वेंडेल आर्न्ट यांनी तारेऐवजी निकेल-टायटॅनियमचा एक्स्पांडर आणला. या मिश्रधातूला स्वतःचा आकार आठवतो. थंड केला की मऊ पडतो, वाकवून बसवता येतो. तोंडाच्या उबेत आला की मूळ आकार धरू पाहतो. फार ताण वाटला तर गार पाण्याचा घोट घ्यायचा, धातू थोडा नरमतो! सुंदर कल्पना आहे, पण तो महाग आणि सगळीकडे मिळत नाही.

शेवटी सगळ्यांच्या ओळखीची काढ-घाल करता येणारी प्लेट. गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी, मधोमध चिरलेली, चिरेत स्क्रू आणि दाढांना धरून ठेवणारे तारेचे आकडे. किल्ली आठवड्यातून एकदा-दोनदा फिरवायची. स्वस्त, जेवताना काढता येते, धुता येते. मात्र ही शिवण फारशी उघडत नाही, मुख्यतः दाढांना बाहेर कलवते. उलटा चावा थोडाच असेल तर तेवढं पुरतंही.

मग काढ-घालीचीच प्लेट का नको? स्वीडनमध्ये २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा मुलांना वेटोळ्यांची तार बसवली, पंधरा मुलांना प्लेट दिली. तारवाल्या सगळ्यांचा उलटा चावा सुटला आणि त्याला सरासरी पाचेक महिने लागले. प्लेटवाल्यांपैकी तिसरा हिस्सा मुलांचा सुटलाच नाही आणि ज्यांचा सुटला त्यांना जवळपास दुप्पट वेळ लागला. प्लेट वाईट असते म्हणून का? नाही हो. ती तोंडाऐवजी खिशात असते म्हणून! दप्तरात, खिडकीत, रुमालात गुंडाळून टेबलावर... जगभरची मुलं इथून तिथून सारखीच.

साठ किलोमीटर

आता भंडारा जिल्ह्याकडे येऊ. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या या जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली आणि लाखांदूर. वैनगंगेचा मुलूख, तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. जबड्याच्या अशा उपचारासाठी इथल्या कितीतरी घरांना नागपूरचा रस्ता धरावा लागतो. नागपूरला १९६८ सालापासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे दात-जबडा सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर तिथे प्राध्यापकांच्या नजरेखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटर. कुणी एसटीने मौद्यावरून जातं, कुणी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून रेल्वेने. पण लाखांदूरच्या आतल्या गावातून निघालात तर अख्खा दिवस जातो, घरातल्या एका मोठ्या माणसाची मजुरी बुडते आणि तुमची शाळाही.

इथे उपकरणांच्या तुलनेला वेगळंच वजन येतं. हायरॅक्सची किल्ली घरीच फिरते. पण त्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांना मध्ये मध्ये पाहू द्यावंच लागतं; नाही तर झाकण गरजेपेक्षा मोठं होईल. वेटोळ्यांच्या तारेला घरी काही करायचं नसतं, सव्वा-दीड महिन्याने एक खेप पुरते, मात्र खेपा अधिक महिने चालतात. प्लेटची एखादी खेप चुकली तरी आकाश कोसळत नाही, पण ती हरवली की पुन्हा माप, पुन्हा प्लेट, पुन्हा नागपूर! कडी सुटली तर काय? सुटलेली कडी तशीच ठेवायची नाही. तिच्याखाली अन्न जातं आणि दाढ किडते. अशा वेळी जवळच्या दंतवैद्याकडून ती निदान काढून किंवा तात्पुरती चिकटवून घेता येते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: "कडी सुटली तर आमच्या तालुक्यात कुणाकडे जाऊ?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. डॉक्टरांना तो आवडतो.

एक्स्पांडर कुठला बसवायचा ते अर्थातच डॉक्टर ठरवतील. पण घर किती लांब आहे, किल्ली कोण फिरवणार आहे, रोवणीच्या दिवसांत घरात कुणी असतं का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? रोवणीला आई-बाबा पहाटेच बांधीवर जात असतील आणि घरी आजीच असेल, जिला किल्लीचं भोक दिसत नाही, तर रोज फिरवायच्या स्क्रूपेक्षा किल्लीविना चालणारी तार जास्त भरवशाची ठरू शकते.

किल्ली फिरवायची रीतही सांगतो. पाठीवर, मान थोडी मागे टाकून झोपायचं. एकाने बॅटरीचा उजेड धरायचा, दुसऱ्याने फिरवायचं. किल्लीला आधी दोरा बांधून त्याचं टोक मनगटाला गुंडाळायचं, म्हणजे ती घशात जायची भीती नाही. फेरी पुरी करायची. अर्धवट सोडली तर पुढचं भोक दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी किल्ली आत जात नाही. कॅलेंडरवर रोज खूण करायची. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी मनानेच दुप्पट फिरवायची नाही, फोन करून विचारायचं.

चार आणि चारा

बोलण्याची गंमत तर विचारूच नका. मराठीत 'च' दोन आहेत. 'चार' म्हणा, आता 'चारा' म्हणा. 'चार' मधल्या 'च'ला जीभ टाळूला चिकटते, म्हणून त्याला तालव्य म्हणतात. 'चारा' म्हणताना ती पुढे दातांकडे सरकते. टाळूत पोलादी कोळी बसला की तालव्य अक्षरांची वाटच अडते. 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळतात, तोंडाला पाणी सुटतं, पहिले दोन-तीन दिवस गिळतानाही विचित्र वाटतं. मोठ्याने वाचन करा. धडा वाचा, वर्तमानपत्र वाचा, पाढे म्हणा. बहुतेकांची जीभ आठवडाभरात नवी वाट शोधते. जीभ फार हुशार आहे!

खाण्याचं मात्र पथ्य. चिक्की, चिंच, ऊस, कच्ची बोरं, फुटाणे बंद. मऊ भात-वरण चालतं, पण नंतर चूळ भरायची आणि ब्रश आत फिरवायचा. नागपूरला गेल्यावर तर्री-पोहे खायचा मोह होईल, ठाऊक आहे मला. पोहे स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसतात आणि तर्री चुरचुरते. खायचेच तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर खा. आधी खाऊन गेलात तर त्यांना आधी पोहे वेचावे लागतील.

आणि खर्रा? तो विदर्भात कोवळ्या वयाची पोरंही चघळतात, म्हणून स्पष्टच लिहितो. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतं. तोंडच दोन बोटं उघडत असेल, तर आत एक्स्पांडर बसवायचा कसा?

शिवण कुठवर थांबते?

डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांनी १९७५ साली टाळूच्या शिवणीचा वयानुसार अभ्यास मांडला. लहानपणी शिवण रुंद आणि सरळ असते, पुढे ती नागमोडी होते आणि किशोरवयात दोन्ही हाडांचे दाते एकमेकांत अडकत जातात. दोन फण्या एकमेकींत घुसवल्यासारखे! म्हणून आठ ते तेरा-चौदा हे वय या कामाला सोपं. त्यानंतर काही जणांत जमतं, काहींत नाही. सगळ्यांची शिवण एकाच वाढदिवसाला बंद होत नाही. मोठेपणी तोच जोर लावला तर हाड जागचं हलत नाही, नुसत्या दाढा बाहेर कलंडतात आणि त्यांच्या मुळांवरचं हाड झिजू शकतं. पूर्वी मोठ्यांना शस्त्रक्रियेशिवाय इलाज नव्हता. २०१० च्या सुमारास कोरियातल्या डॉक्टरांनी टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवून त्यांवर एक्स्पांडर बसवायची पद्धत मांडली. आता ती आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. पण आठव्या-नवव्या वर्षी जे तारेच्या चार वेटोळ्यांनी झालं असतं, त्यासाठी विसाव्या वर्षी हाडात स्क्रू!

उशीर सगळ्यात महाग पडतो तो फाटलेल्या टाळूसह जन्मलेल्या मुलांना. अशा बाळाचा ओठ काही महिन्यांचा असताना आणि टाळू साधारण वर्षाच्या आसपास शिवतात. ओठ जुळला, चेहरा छान दिसू लागला, की घरच्यांना वाटतं काम झालं. पण टाळूवरचा शस्त्रक्रियेचा व्रण साध्या कातडीसारखा वाढत नाही. बाकी चेहरा वाढतो, वरचा जबडा मागे आणि अरुंद राहतो. शिवाय हिरडीच्या हाडात खाच राहिलेली असते. सुळा त्याच खाचेत यायचा असतो आणि हाडच नसेल तर तो येणार कशात? म्हणून साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, कमरेच्या हाडाचा थोडा चुरा घेऊन ती खाच भरतात. आणि त्याच्याही आधी अरुंद कमान उघडावी लागते, बहुधा वेटोळ्यांच्या तारेने. इथे हाड मुळातच दुभंगलेलं असल्याने थोडा जोर पुरतो. पण ते मागेही तितक्याच चटकन सरकतं, म्हणून तार जास्त दिवस ठेवतात.

म्हणजे ज्या मुलाची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षी झाली, त्याने सात-आठ वर्षांनी पुन्हा दवाखान्यात जायचं असतं. हे लक्षात कोण ठेवणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासायला येतं. जन्मतः फाटलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेत. तुमच्या शाळेत असा कुणी मित्र असेल, तर पथक येईल त्या दिवशी त्याला दांडी मारू देऊ नका. ओठ शिवलेला आहे, आता काय दाखवायचं, असं तो म्हणेल. "टाळू आणि दात बघा" एवढंच त्याने म्हणायचं. तिथून जिल्हा रुग्णालय आणि पुढे नागपूर, अशी चिठ्ठी मिळू शकते.

किल्ली थांबल्यावर

पुरेशी रुंदी मिळाली की डॉक्टर स्क्रू तारेने किंवा मसाल्याने जाम करतात. आता मात्र पंचाईत होते. किल्ली बंद, दुखणं बंद, फटही मिटत आलेली, तरी कोळी तोंडातच! मुलं कंटाळतात, घरचे म्हणतात काढून टाका. पण उघडलेल्या शिवणीत अजून हाड भरायचं असतं. ते भरायला तीन ते सहा महिने लागतात. आधी काढला तर दोन्ही बाजू पुन्हा जवळ येतात आणि सगळ्या फेऱ्या वाया जातात. नागपूरच्या खेपा या काळात कमी होतात, तेवढाच दिलासा.

मग एक दिवस डॉक्टर पकडीने कड्या सोडवतात आणि कोळी अख्खा हातात येतो. जीभ टाळूवर फिरवली की इतकी मोकळी जागा वाटते, की बोलताना पुन्हा 'स' घसरतो, एक-दोन दिवस. आतल्या बाजूने पाहिलं तर टाळूवर स्क्रूचा आणि तारांचा लालसर ठसा उमटलेला असतो. तो आठवड्याभरात जातो. त्यानंतर काहींना जागा धरून ठेवणारी साधी प्लेट देतात, काहींच्या दातांना तारा बसतात.